स्टुलाचे मागचे पाय

खरं बोलून अडचणीत येण्याची कला उभ्या चिंचवडात आमच्या शेजारच्या सुतारकाकांइतकी कुणालाच साधली नव्हती. बैलगाडीचं चाक घेऊन गिऱ्हाईक खुशीत निघालं, की हे मागून हाक मारायचे, "पाटील, ह्या आऱ्यात गाठ हाय. दोन वर्सं चालंल, फुडचं मी सांगत न्हाई." गिऱ्हाईक चाक तिथेच ठेवून जाई. शेजारणीने वाटीभर आमटी पाठवून कशी झाली म्हणून विचारलं, तर तिलाही खरंच सांगितलं. पुढे आमटी यायची बंद झाली. त्यांचा विश्वास फक्त हातांवर होता. चाचपून, मोजून पाहिल्याशिवाय ते कशालाच हो म्हणत नसत.

पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहत होते, रस्त्यावर ट्रक वाढले आणि काकांकडे चाकं येईनाशी झाली. अशात एका कारखान्यात लाकडी साचे करायला माणसं हवी असल्याचं कळलं. अट एकच, समोरची वस्तू पाहून तासाभरात कागदावर काढायची. काकांची चाळिशी तोंडावर आलेली. त्यानंतर भरती नव्हती. मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो, म्हणून ते माझ्याकडे आले. "मास्तर, आठ दिसांत शिकवा. न्हाईतर वाकस-रंधा इकायला काढावा लागंल."

पहिल्याच दिवशी मी स्टूल मांडलं. पट्टीशिवाय इतकी सरळ रेघ मारणारा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. पण काकांनी स्टुलाचे चारही पाय सारख्या लांबीचे काढले. मागचे आखूड दिसतात म्हटल्यावर उठून त्यांनी ते मोजले. "अठरा-अठरा इंच. ह्ये मीच केल्यालं हाय."

"आहेत तेवढे नको काका, दिसतात तेवढे काढा."

"म्हंजे लबाडी करायची?"

एक डोळा मिटून, हात लांब धरून, पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायला शिकवलं. माप बरोबर यायचं, आणि काढायच्या वेळी हे पुन्हा उठून पाय चाचपायचे. सातव्या दिवशी माझा तोल गेला. "मग विका तो वाकस," मी म्हणालो. ते उठून गेले. मला माझीच लाज वाटली आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

परीक्षेला मी आपणहून सोबत गेलो. खिडकीतून आत पाहिलं तर समोर स्टूलच. अर्धा तास झाला तरी काकांचा कागद कोरा. मग ते उठले आणि स्टुलाकडे निघाले. "जागेवर बसा," साहेब म्हणाले. काका बसले. बाकीचे उमेदवार कागद देऊन बाहेर येऊ लागले होते. दहाएक मिनिटं उरली असताना त्यांनी एक डोळा मिटला, हात लांब केला आणि काढायला घेतलं.

"जमलं मास्तर. मागचे आखूड काढले," बाहेर येऊन ते म्हणाले. सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

नोकरी लागली. पुढे त्यांची रेघ पाहून साहेबांनी त्यांना साच्यांवरून काढून यंत्रांचे नकाशे काढायच्या टेबलावर बसवलं. काही वर्षांनी मला मुलगी झाली, तेव्हा मी त्यांच्याकडे पाळणा मागितला. त्यांनी समोर बसून कागदावर काढून दिला. छाया-प्रकाशासकट, हात लावावा असा.

"लाकूड कधी आणू?" मी विचारलं.

त्यांनी तळवे पुढे केले. घट्टे गेले होते. "आता हात वळत न्हाई, मास्तर. दुसऱ्या कुनाकडनं करून घ्या."

पाळणा मी पुण्याहून विकत आणला. काकांचं घर सावरलं याचा मला आनंदच आहे. पण तो कागद हाती आला, की वाटतं, इतकं चांगलं शिकवायला नको होतं.