बंद दाराचे पान

माझ्या बहिणीवरच्या पुस्तकात एक पान असे आहे, ज्यावर माझी बहीणच नाही.

ही तिचीच अट होती.

सुमनला जाऊन आज एक वर्ष झाले.

गणितात पहिली पावले टाकणाऱ्या स्त्रियांवर लहान मुलांसाठी सचित्र पुस्तकांची एक मालिका निघाली आहे. त्यातील एक पुस्तक सुमनचे.

नायगावच्या बी.डी.डी. चाळीतली मुलगी. गणितात एम.एस्सी. झाली. पुढे कॉलेजात गणित विभागाची प्रमुख झाली. आमच्या वस्तीत असे तिच्याआधी कोणत्याही मुलीने केले नव्हते.

माझे शिक्षण चौथीपर्यंत. तरीही हे सांगण्याचा मान माझा आहे, कारण मी तिचा दादा.

पुस्तक लिहिणाऱ्या आणि चित्रे काढणाऱ्या ताई वयाने लहान आहेत. सुमन हयात असताना त्या कच्ची चित्रे घेऊन घरी आल्या होत्या.

एका चित्रात सुमन रस्त्यावरच्या दिव्याखाली एकटीच अभ्यासाला बसली होती. फाटका फ्रॉक, हातात पाटी.

सुमन म्हणाली, "हे कुणी सांगितलं तुला? आमच्या खोलीत दिवा होता."

"मॅडम, ते सिम्बॉलिक आहे. मुलांना तुमचा स्ट्रगल कळायला हवा ना?"

"मग खरा काढ. मला एकटीला बसवू नकोस. मी एकटी कधीच नव्हते गं."

आणि तिने खरी हकीकत सांगितली.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस होते. गिरण्या हरताळात, बाहेर संचारबंदी. पुरुष माणसे, पोरेबाळे, सगळी चाळीतच अडकलेली. आणि सुमनची मॅट्रिकची परीक्षा तोंडावर.

आईने सुमनला आत ठेवून आम्हां सर्वांना खोलीबाहेर पॅसेजमध्ये काढले आणि दार बाहेरून ओढून लावले.

चाळीत दिवसा दार लावण्याची रीत नव्हती. दार लागले की घरात आजारपण आहे किंवा भांडण आहे, असे लोक समजत.

शेजारच्या मालवणी काकी धावत आल्या. "गो, दार कित्याक लावलंस? कोण आजारी आसा काय?"

आई म्हणाली, "कुणी आजारी न्हाई. आत गणित चाललंय."

काकी लगेच मागे वळल्या. "मगे मी मसालो उद्या कुटतंय."

पॅसेजमध्ये आम्ही पुरुष मुंबई कोणाची यावर तावातावाने बोलत होतो. काकी आमच्यावर कडाडल्या,

"मुंबई मागसून घेवया रे! आधी त्या चेडवाचा गणित सुटांदे!"

अख्खा मजला कुजबुजत बोलू लागला. संचारबंदी उठेपर्यंत रोज हेच चालले.

हे ऐकून ताई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हांला बंद दार काढायचं? आणि तुम्ही कुठे?"

"मी आत."

"पण मॅडम, मुलांना हिरोईन दिसायला हवी!"

सुमन हसली. "एका पानावर नाही दिसली तर मुलं रुसत नाहीत. दाराबाहेरची माणसं काढ. ती पुस्तकात आली नाहीत, तर माझंही नाव नको."

त्या पानाचा निर्णय होण्यापूर्वीच सुमन गेली.

काही दिवसांनी ताई माझ्याकडे आल्या. संकोचाने म्हणाल्या, "आजोबा, प्रकाशकांना दिव्याचंच चित्र आवडलंय. मॅडम आता नाहीत, तर..."

मी म्हणालो, "ताई, ती नाही म्हणून तिचे म्हणणे संपत नाही. नाहीतर तिचे नाव काढून टाका."

त्यांनी पेन्सिल काढली.

"दाराचा रंग कुठला होता, आजोबा?"

"हिरवा."

"बाहेर कोण कोण होतं?"

मी एकेकाचे नाव सांगत गेलो. त्यांतील आज कोणीही हयात नाही. ताई काढीत गेल्या. मांडी घालून, हात बांधून बसलेले आमचे वडील. तोंडावर बोट ठेवलेल्या काकी. दाराला पाठ लावून पहाऱ्यावर बसल्यासारखी आई.

ते चित्र घेऊन ताई प्रकाशकांकडे गेल्या आणि त्यांना पटवूनच परतल्या.

या आठवड्यात पुस्तक हाती आले.

सुमन, पान तू सांगितलेस तसेच छापले आहे. चाळीतील सर्व माणसे आपापल्या जागी आहेत.

तुझ्या स्मृतीस तुझ्या दादाचे अभिमानपूर्वक वंदन.