मेंढरूकाकांचं तेविसावं स्तोत्र

गोंडस कोकराचं चित्र दिसलं की मेंढरूकाकांना ओकारी यायची. हे मी वाढवून सांगत नाही. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतल्या घराघरांत एक कॅलेंडर हमखास असायचं. त्यावर गोऱ्या गालांचा, निळ्या डोळ्यांचा मेंढपाळ, त्याच्या कडेवर पावडर लावल्यासारखं कोकरू आणि मागे हिरवळ. काका चहाचा कप खाली ठेवायचे, उठायचे आणि यजमानांच्या देखत ते कॅलेंडर उलटं करून टांगायचे. मग म्हणायचे, "ह्या चित्रकारानं मेंढरू हुंगलंय का कधी?"

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहणारे काका मोटारींना तारा गुंडाळणाऱ्या वाइंडिंग शॉपमध्ये कारागीर होते आणि माझे वडील त्याच शॉपचे इंजिनियर. आम्ही पुण्याचे, काका नगरकडचे ख्रिस्ती. त्यांचे आजोबा धनगर होते आणि बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी मरेपर्यंत मेंढरंच राखली, म्हणून आम्हा मुलांचे हे मेंढरूकाका. मराठी घरं मोजकीच, त्यामुळे गणपतीत आरतीला पेटी काकांची आणि रविवारी पत्र्याच्या छोट्या प्रार्थनागृहातही तीच. परमेश्वराला मेंढपाळ म्हणणारं बायबलमधलं तेविसावं स्तोत्र हा त्यांचा जीव की प्राण. लोकांनी त्याचं जे काय करून ठेवलं होतं, त्याची मात्र त्यांना मनस्वी किळस होती.

लग्न असो, वाढदिवस असो, मयत असो, मंडळी तेच स्तोत्र म्हणायची. पुढे कीबोर्ड आला. एक बटण दाबलं की ठेका सुरू, आणि सगळे डोळे मिटून, माना वेळावत, लाडिक हिंदीत गायला लागायचे. एकदा काकूंच्या आग्रहावरून मी गेले होते, तर मलासुद्धा पाकात पडल्यासारखं वाटलं. काका पेटी मिटून बसले होते. "ह्या चालीवर मेंढरू झोपंल. लांडगा न्हाई झोपायचा," एवढंच बोलले. घरी ते तेच स्तोत्र मराठीत, आजोबांच्या ओवीच्या चालीत म्हणत, मध्येच कळपाला हाळी घातल्यासारखे ओरडत. शेजारचे मिश्राजी दार वाजवून सब ठीक है ना, असं विचारून जात.

मी कॉलेजात होते तेव्हा प्रार्थनागृहाची समोरची भिंत रंगवायचं ठरलं. टाउनशिपच्या रांगोळीत मी तीनदा पहिली आले होते, म्हणून काकांनी माझं नाव सुचवलं. मंडळाचे सेक्रेटरी अरेरा कॉलोनीत बंगला बांधून राहिलेले निवृत्त साहेब होते. त्यांनी मला नमुना म्हणून तेच कॅलेंडर दिलं. मी त्यावरून कागदावर कच्चं चित्र केलं आणि मोठ्या हौसेनं काकांना दाखवायला गेले.

काकांनी कागदाची घडी घातली, मला परत दिली आणि मला मागे बसवून स्कूटर काढली. टाउनशिपच्या भिंतीपलीकडच्या माळावर दर हिवाळ्यात राजस्थानचे मेंढपाळ कळप घेऊन उतरत. तिथला वास लांबूनच घशात शिरला. ओली लोकर, लेंड्या, मूत. काका त्या लोकांशी मोडक्या हिंदीत बोलत बोलत कळपात शिरले आणि एक मेंढी गुडघ्यांत दाबून बसले. तिच्या शिंगाच्या मुळाशी जखम होती आणि जखमेत अळ्या वळवळत होत्या. काका काडीनं एकेक काढत होते. आतल्या निघेनात, तेव्हा सरळ बोट घातलं. मग मेंढपाळाकडून बाटली घेऊन कडुलिंबाचं घाण वासाचं तेल तिच्या डोक्यावर ओतलं.

"स्तोत्रात डोक्याला तेल लावलंय, ते हे," ते म्हणाले. "लोकांना वाटतं, आंघोळीआधीचं."

मी बाभळीखाली जाऊन ओकले. घरी आईनं मला दोनदा न्हायला लावलं आणि ती ओढणी फेकून दिली.

पण भिंतीवर मी तेच काढलं. काळपट, रापलेला माणूस, गुडघ्यांत दाबलेली मेंढी आणि तिच्या जखमेत गेलेलं त्याचं बोट. काका त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. डोळे पुसत म्हणाले, "आता वास आला." रविवारी सेक्रेटरीसाहेब आले आणि त्यांनी चित्राला खरोखरच वास असल्यासारखा नाकाला रुमाल लावला. इथे मुलंबाळं येतात, असं किळसवाणं चालणार नाही, म्हणाले. मग माझ्या हाताचं पुष्कळ कौतुक करून त्यांनी मलाच ते बदलायला सांगितलं.

आणि मी बदललं. त्या कौतुकाला भुलून मी माझ्याच हातानं त्यावर निळ्या डोळ्यांचा मेंढपाळ काढला, कडेवर कोकरू दिलं, वर कोकराच्या गळ्यात गुलाबी फीतही बांधली. आजवर मी पुष्कळ वाईट चित्रं काढली, पण शिसारी त्या एकाच चित्राची येते. काका रागावतील म्हणून मी महिनाभर त्यांना चुकवत होते. शेवटी बाजारात गाठ पडली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "खाली हाय ना त्ये? मग ऱ्हाऊ दे."

लग्न होऊन मी पुण्याला गेले. काका निवृत्त झाले आणि साखरेच्या आजारानं त्यांचा पाय नासत गेला. शेवटची मी त्यांना भेटले ती एका माहेरपणात. त्यांच्या घराबाहेर चपलांचा ढीग होता. बाहेरच्या खोलीत मंडळी कीबोर्ड मांडून, डोळे मिटून तेविसावं स्तोत्र गात होती आणि आतल्या खोलीचं दार वास येऊ नये म्हणून लोटून घेतलेलं होतं. तिथे उभं राहून मला गाणाऱ्यांची अशी घृणा आली की बोलायची सोय नाही. मग मी दार ढकललं. वास अंगावर आला आणि माझा हात आपोआप पदराकडे, पदर नाकाकडे गेला. मी उंबऱ्यावरच थांबले. त्या सगळ्यांत आणि माझ्यात काडीचा फरक नव्हता.

काकू एकट्याच पट्टी सोडत होत्या. एका हातानं पाय उचलायचा आणि दुसऱ्यानं पट्टी, ते त्यांना जमत नव्हतं. काकांनी मला पाहिलं. चेहरा पार उतरला होता, पण हसले.

"नाक धर, पोरी," ते म्हणाले. "पण आत ये."

मी आत गेले. काकांचा पाय जड होता, एका हातानं उचलेना. मी पदर सोडला आणि दोन्ही हातांनी धरला.