डाव्या पंखातलं पीस

आता माझ्या अकलेचे दिवे काय सांगू तुम्हाला. चहा घ्या, सांगते.

माझी धाकटी जाऊ लता, शाळेत मास्तरीण. मी चौथी पास. मागे वादळ झालं, तेव्हा तिनं नर्मदेच्या ग्वारीघाटावर उडता पक्षी मोबाईलवर टिपला अन् पक्षीवाल्या सरांना पाठवला. सर म्हणाले, "समुद्रावरचा काळा सुरय दिसतो. वादळानं इतका आत आणला असेल. पण फोटो हललाय, नक्की सांगता येत नाही."

नुसत्या 'दिसतो'वर घरात आरती सुरू. सासूबाई शेजारणीला म्हणे, "आमच्या लतानं जबलपुरात समुद्र आणला." अन् मी तीस वर्षं पोळ्या लाटून राहिली, ते काहून नाही दिसत कोणाला?

मी म्हटलं, "समुद्र कसला, टिटवी आहे ती."

लता म्हणते, "ताई, तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

बस. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा मोठा कॅमेरा काढला अन् नावेत बसली.

"भैया, उस काली चिड़िया के पीछे चलो."

"दीदी, चिड़िया से दुश्मनी है क्या?"

"चिड़िया से नहीं."

चाळीस फोटो काढले. बहुतेकांत पाणी, काहींत नाववाल्याचा कान. एकात मात्र पक्षी असा आला, की पीस न् पीस मोजून घ्या. सरांना पाठवला: 'हीच लताची टिटवी. एकदाचं सांगून टाका तिला.'

संध्याकाळी सर स्वतः घरी हजर. मी सराफ्यातल्या नव्या बांगड्या घालून बसली. लता कोपऱ्यात वह्या तपासत. सरांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले.

"पाठ काळी, कपाळ पांढरं, शेपटी दुभंगलेली. काळा सुरयच. अन् लताताईंच्या फोटोत डाव्या पंखात फट दिसते, मला वाटलं फोटो हलल्यामुळे असेल. तुमच्या फोटोत तिथलं पीसच गळलेलं आहे. म्हणजे तोच पक्षी. शंका मिटली."

"मग नोंद कोणाच्या नावावर?"

"ज्यांनी आधी पाहिला त्यांच्या. तुमचा फोटो म्हणजे पुरावा."

घ्या. नाव भाड्यानं करून, उन्हात भाजून, जावेच्या गळ्यात मीच हार घातला.

फोटो आता बैठकीत लावलाय. फोटो माझा, खाली नाव लताचं, धूळ पुसते मी. परवा पनागरची नणंद आली, बघून म्हणते, "वहिनी, ही टिटवी काहून लावली भिंतीवर?"

मी तडकली. "तुम्हाला काय कळतं त्यातलं? आमच्या लताचा सुरय आहे तो."