रेती कमी पडू नये म्हणून

लिहायची मला सवय नाही. सही करायची असली तरी आधी रद्दी कागदावर करून बघतो. पण सुमित्रा, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, हे तुम्हीच लिहा. मी सांगितलं तर लोकांना खोटं वाटेल.

जळगावकडून पेपर मिलच्या नोकरीसाठी इकडे आलो, स्टोअरमध्ये लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. आता बुरहानपुरात लालबागेत राहतो. माझ्या स्टोअरात कधी काही कमी पडत नसे. लोकांना ती हुशारी वाटायची. खरं म्हणजे साहेबांकडे दुसऱ्यांदा मागायला जायची मला लाज वाटे, म्हणून पहिल्यांदाच जास्त मागून घ्यायचो.

यंदा सुमित्राच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर वॉकर धरून सपाट जागेवर रोज चालायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. आमच्या मागच्या अंगणात तर बकरीही ठेचकाळेल. ती दवाखान्यातून यायच्या आत तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचं मी ठरवलं. ब्लॉकखाली दोन इंच रेती लागते. लांबी-रुंदी मोजली, जाडीने गुणलं, उत्तर आलं अर्धी ट्रॉली. पुन्हा केलं, पुन्हा अर्धीच. तेव्हा मात्र मला शंका आली. माझं गणित इतकं जमत नाही.

म्हणून एक ट्रॉली सांगायचं ठरवलं. मग वाटलं, थोडी दबेल, थोडी उडेल, थोडी मांजरं घाण करतील. फोन लागेपर्यंत दोन झाल्या. ट्रॅक्टरवाल्या भिकनने विचारलं, "काकाजी, मकान बांधून राहिले का?" नाही म्हणून सगळं समजावून सांगण्यापेक्षा मी हो म्हणून टाकलं. मकानाला दोनने काय होतं, म्हणून त्याने बिचाऱ्याने तीन आणल्या.

फाटक ढिगाखाली गेलं. कडू मिस्त्री ढिगावर चढून आत आला आणि ब्लॉक अंगणात बसवायचे की या डोंगरावर, असं विचारू लागला. परवा सुमित्रा येणार होती. वॉकर घेऊन ती डोंगर कसा चढणार?

रेती वाटून टाकणं भाग होतं. शेजारच्या मालूबाईंच्या दारात गेलो, त्यांची तब्येत विचारली आणि परत आलो. दुसऱ्या खेपेला कसंबसं बोललो. त्यांनी साऱ्या गल्लीला सांगितलं. मग जो तो घमेलं, पोतं घेऊन आला. कौतिक गुरुजींनी तर हातगाडी आणली. कडू मागे ब्लॉक बसवत होता आणि पुढे रेती चालली होती. आता पुरे, हे दोन शब्द मला कोणालाच म्हणता आले नाहीत.

सुमित्रा यायची त्या सकाळी कडूने विचारलं, "काकाजी, सांधे भरायची रेती कुठंय?"

फाटकापाशी झाडून काढल्यासारखी जमीन दिसत होती. सांधे भरले नाहीत तर ब्लॉक डुगडुगतात, वॉकरचा पाय फटीत अडकतो. मी घमेलं उचललं आणि मालूबाईंकडे जाऊन एका दमात रेती परत मागितली.

"भाऊ, द्यायला आलात तर तब्येत विचारून पळालात," त्या म्हणाल्या, "आणि मागायला आलात तर सरळ बोललात. तब्येत बरी आहे माझी."

एक घमेलं त्यांनी दिलं, एक गुरुजींकडून आणवलं. दुपारपर्यंत कडूने सांधे भरून घेतले.

मुलगा नितीन सुमित्राला घेऊन आला. ती टकटक करत अंगणाच्या त्या टोकापर्यंत गेली. एकही ब्लॉक हलला नाही. कुंपणाला धरून ती थांबली.

"छान झालंय हो. रेती किती लागली?"

"अर्धी ट्रॉली," मी म्हटलं. तेवढंच खरं होतं.

"आणि मागवली किती?"

कुंपणापलीकडे मालूबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी तोंड उघडलेलं पाहिलं आणि मी चहा ठेवायला आत गेलो.