भोरड्यांचे यजमान

आमच्या थोरल्या साडूंएवढा पाहुणचार अख्ख्या संभाजीनगरात कोणी करत नसेल. फक्त त्यांचे पाहुणे पंखवाले! सख्ख्या साडूला, म्हणजे मला, अर्ध्या कपावर वाटेला लावतात. पण पोळा झाला की बजाजनगरातल्या त्यांच्या गच्चीवर खुर्ची चढते, डोक्यावर छत्री उघडते आणि भोरड्यांची वाट पाहणं सुरू होतं. भोरड्या म्हणजे गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैना. पार उत्तरेकडून, डोंगर ओलांडून येतात आणि दिवस कलला की हजारोंनी इमारतीसमोरच्या कडुनिंबावर मुक्कामाला उतरतात. आभाळात थवा वळला की साडू अशी मान डोलावतात की जणू त्यांनीच वळवला. "बघा, बघा! एकीला एक धडकत नाय. आपल्या चौकात जमतंय का कुणाला?" छत्री पावसासाठी नसते, हे नवख्याला शर्ट खराब झाल्यावरच कळतं.

माझ्या मुलीची बोलणी त्यांच्या घरी ठेवली, ही माझीच चूक. ऐन कांदेपोह्यांच्या वेळी या गृहस्थांनी मंडळींना हातातल्या बश्यांसकट गच्चीवर नेलं. होणाऱ्या व्याह्यांच्या कडक इस्त्रीच्या सफारीवर वरून प्रसाद पडला. मी गार! साडू म्हणाले, "शकुन हाय, पावणं. पुसू नका." सोयरीक जमली ती व्याह्यांच्या मोठेपणामुळे, साडू मात्र श्रेय अजून भोरड्यांनाच देतात.

गेल्या वर्षी इमारतीची बैठक बसली. घाणीनं गाड्या खराब होतात, झाड बुंध्यापर्यंत छाटून टाकू, असं ठरत आलं. सगळ्यांचे हात वर. तेवढ्यात साडू उठले. "झाडाला हात लावू नका. गाड्या मी धुतो. समद्यांच्या. रोज."

"अन् एक दिवस चुकला तर?" शेजारी हसला.

"तर कुऱ्हाड मीच आणून देतो."

घरात पाण्याचा पेलासुद्धा जागेवर लागणारा माणूस हा! "दोन दिवस टिकलं तरी खूप," माझी मेहुणी म्हणाली. दुसऱ्या दिवशी उजाडताच बादली-फडकं घेऊन साडू खाली हजर. कंपनीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला माणूस लोकांच्या गाड्या पुसतोय, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तणतणत गेलो. "काय हे? लोक हसतात!"

"हसू द्या, साडूभाऊ." फडकं थांबलं नाही. "लहानपणी गंगापूरला जवारीत माळ्यावर उभा राहून गोफणीनं लई हाणल्या मी. तवा राखणीचं कामच व्हतं ते. एक पडलेली हातात घेतली. इवलीशी, गरम. इतक्या लांबून आली अन् माझ्या दगडानं मेली. ते काय मनातून जात नाय बघा."

कडाक्याच्या थंडीत, तापात, दिवाळीच्या पाडव्याच्या सकाळीसुद्धा त्यांनी खाडा केला नाही. छाटणीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. आता कोणी विचारलं की मीच छाती फुगवून सांगतो, ते गाड्या धुणारे ना, ते माझे साडू.

चैत्र लागता लागता एका सकाळी गाड्या स्वच्छ निघाल्या. एकाही सीटवर डाग नाही. भोरड्या गेल्या होत्या. साडू भरली बादली घेऊन उभेच.

"चला, सुटलात," मी म्हणालो.

"वाटंत कुणी दगड मारू नये, म्हंजे झालं," ते हळूच म्हणाले. मग फडकं पिळलं आणि पहिल्या गाडीची कोरी सीट पुसायला घेतली.