फ्लोरामावशीचं कार्कलुपे

डॅनियलचा मेसेज आला तेव्हा मी विंटर टायर्स बसवून घ्यायला गॅरेजच्या वेटिंग रूममध्ये बसले होते. 'मॉम पास्ड धिस मॉर्निंग. फ्युनरल टुमॉरो.' आम्हा ज्यू लोकांत माणसाला लवकर पुरतात, रडायलाही सवड मिळत नाही. दुसऱ्या दिवशी टोरांटोच्या उत्तरेला, कडाक्याच्या वाऱ्यात, फ्लोरामावशीला कधीही न भेटलेल्या रबायने, म्हणजे धर्मगुरूने, तिच्याबद्दल चार गोड वाक्यं सांगितली. ती प्रेमळ होती, नारळाच्या रसातली मच्छी उत्तम करायची, भारताचा सुगंध घेऊन कॅनडात आली होती... लोकांनी माना डोलावल्या. तिची शेवटची वर्षं ज्या गावापायी गेली त्याचं नाव कुणी काढलं नाही. डॅनियल तिचा मुलगा, त्यानेही नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण माझा राग उतरलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. अलिबागजवळच्या आमच्या गावातून ती मुंबईला शिकायला गेली आणि भूगोलाची शिक्षिका झाली. टोरांटोत तिच्या डिग्रीला कुणी विचारलं नाही. बँकेच्या काउंटरवर नोकरी करता करता तिची योसिफकाकांशी ओळख झाली आणि पुढे लग्न. ते लाटवियातल्या कार्कलुपे नावाच्या खेड्यातले. लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य येण्याआधी, आईचा हात धरून रशियाकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणून वाचले. आजीला चालवत नव्हतं, म्हणून वडील आणि दोन बहिणी तिच्याजवळ थांबल्या. एवढं सांगून काका गप्प व्हायचे. मावशीने मग तिच्या पद्धतीने विचारायला सुरुवात केली. माणसांबद्दल नाही, जमिनीबद्दल. शुक्रवारी जेवणं झाली की म्हणायची, "नदी कुठून येते ते दाखवा." काका टेबलावर वाढायचा डाव आडवा ठेवायचे, ती नदी. भाताचं भांडं म्हणजे तळं. मीठ सांडून बाजाराचा चौक. उत्तरेला पाइनचं जंगल, तिथे मात्र ते काहीच ठेवायचे नाहीत. मी लहान होते, मला तो खेळ वाटायचा.

काका गेल्यावर वर्षभराने मावशीने तिकिटं काढली आणि मला सोबत नेलं. कार्कलुपे काकांनी टेबलावर मांडलं होतं तसंच निघालं. तळ्यातून निघणारी संथ नदी, चिकणमातीची बुटकी टेकडी, तिच्यावर पांढरं चर्च, खाली रस्त्याकडेला लाकडी घरांची एक ओळ. शाळा बंद पडलेली. तरुण माणसं आयर्लंडला आणि इंग्लंडला कामाला गेलेली. गावाची लायब्ररी इल्झे नावाच्या बाई सांभाळत होत्या, त्यांना थोडं इंग्रजी येत होतं. लायब्ररीच्या एका खोलीत त्यांनी गावाचा इतिहास मांडला होता. पाणचक्की, चर्च, युद्धानंतर रशियनांनी सायबेरियाला नेलेली कुटुंबं, सामुदायिक शेती, मग स्वातंत्र्य. मावशीने सगळं पाहिलं, सायबेरियाच्या पाटीपुढे बराच वेळ उभी राहिली. मग खिडकीतून बाहेर बोट दाखवलं.

"बाकी गावात घरांची तोंडं अंगणाकडे आहेत. या ओळीतली दारं थेट रस्त्यावर उघडतात. ही दुकानं होती ना? इथे कोण राहायचं?"

"व्यापारी," इल्झे म्हणाल्या.

"त्यांची नावं?"

इल्झेबाईंनी हात चोळले. "माझ्या आजीला सायबेरियात नेलं होतं. ती परत आली नाही. आमच्यावरही खूप काही..."

"तिची पाटी आहे," मावशी म्हणाली. "मी वाचली. मला वाईट वाटलं. माझ्या सासऱ्यांची कुठे आहे?"

इल्झेबाई वाईट नव्हत्या. त्यांनीच आम्हाला जंगलात नेलं. पाइनच्या झाडांमध्ये खडी काढायची जुनी खाण होती, तिच्यात आता बर्चची रोपं वाढली होती. पाटी नाही, कुंपण नाही. ज्यूंना इथे गोळ्या घातल्या; जर्मन थोडे होते, इल्झे हळूच म्हणाल्या, घराघरांतून लोकांना इथवर आणणारे गावातलेच होते. परतताना मावशी मला म्हणाली, "आपण कोकणात दोन हजार वर्षं राहिलो म्हणतात. कुणी दारावर थाप मारली नाही. मला वाटायचं जग असंच असतं."

तिला तिथे एक दगड बसवायचा होता. ग्रामपंचायतीने हरकत घेतली नाही, फक्त मजकूर त्यांचा हवा होता. 'युद्धात बळी पडलेल्या नागरिकांच्या स्मरणार्थ.' मावशीला त्यात 'ज्यू' हवं होतं, आणि 'गावातल्या माणसांच्या मदतीने' हवं होतं. पंचायतीने 'ज्यू' मान्य केलं. उरलेलं नाही, कारण त्या माणसांची नातवंडं अजून गावात राहतात. डॅनियल वैतागला. "मॉम, जस्ट टेक द स्टोन. डॅड वुड हॅव टेकन इट."

"तुझे डॅड जंगलाच्या जागी काही ठेवायचे नाहीत," ती म्हणाली. "आणि मारणारं कुणीच नसेल, तर हे लोक काय साथीने मेले? मग तो दगड कशाला, मैलाचा दगड पुरे."

त्यानंतर डॅनियलने तो विषय बंद केला. सिनेगॉगमधले लोकही आधी कौतुकाने ऐकायचे, मग घड्याळं पाहू लागले. एकीने तर मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझी मावशी इंडियन आहे, ही तिची ट्रॅजेडी नव्हे. तिकडे पंचायतच मोडली, गाव शेजारच्या मोठ्या गावात विलीन झालं. लायब्ररी बंद झाली आणि इल्झेबाई मुलीकडे आयर्लंडला निघून गेल्या. नव्या कार्यालयाने कळवलं की या विषयाची फाइल त्यांच्याकडे नाही. तोवर मावशीचं डायलिसिस सुरू झालं होतं. हॉस्पिटलमध्ये तिने मला एकदाच विचारलं, "मी त्या तीन शब्दांसाठी सगळं घालवलं का गं?" मी नाही म्हटलं. माझं अजूनही तेच मत आहे. पण खाणीत आज दगड नाही, तेही खरं आहे. ज्यांनी मजकूर अडवला त्यांना काहीच करावं लागलं नाही. नुसतं थांबावं लागलं.

मागच्या रविवारी तिचा काँडोतला फ्लॅट रिकामा करायला गेले. डॅनियलने भांडी आणि कपडे डोनेशनच्या पिशव्यांत भरून ठेवले होते. ओट्याजवळ तिचा टॅबलेट चार्जरला लावलेला होता. सकाळी चहा टाकण्याआधी ती त्याच्यावर तिकडची, कार्कलुपेची, हवा बघायची आणि कुणी असो नसो, मोठ्याने सांगायची. 'तिकडे धुकं आहे.' 'तिकडे आज ऊन पडलंय.' डॅनियल म्हणाला, "इट्स ओल्ड, जस्ट टॉस इट." मी तो घरी आणला. त्यात आता कार्कलुपे हे नावही दिसत नाही, शेजारच्या मोठ्या गावाचं दिसतं. तळं तेवढं नकाशावर आहे.

आज सकाळी चहा टाकताना मी पाहिलं. नवरा फोनवर होता, मुलगी कानात इअरफोन घालून दुधातलं सीरियल खात होती. "तिकडे बर्फ पडतोय," मी म्हटलं. कुठे, म्हणून कुणी विचारलं नाही.