भाकर सोडलेल्या जागा

माझ्या मोबाईलमध्ये फोटो इतके झालेत की तो सारखा जागा संपल्याची कुरकुर करतो. सुटीला घरी गेले की बाबा चष्मा पुसून शेजारी बसतात आणि म्हणतात, "दाखव बरं, कुठं कुठं फिरून राहिली तू." मी दाखवते. बर्फाचे डोंगर, जुनी चर्च, समुद्र. बाबा एकेक फोटो मन लावून बघतात आणि मग त्यांचा ठरलेला प्रश्न येतो.

"इथं भाकर सोडली का?"

भाकर सोडणं म्हणजे जमिनीवर बैठक मारून, फडक्याची गाठ सोडून, घरून आणलेलं खाणं. हॉटेलात खाल्लेलं चालत नाही. बाकावर बसून खाल्लेलं तर मुळीच नाही. मी "न्हाई" म्हटलं की बाबा फोटो बोटानं पुढे सरकवतात. एकदा त्यांनी स्वित्झर्लंडचा आख्खा डोंगर असा एका बोटानं बाजूला केला, तेव्हा मी जाम भडकले.

"बाबा, तिथं खाली बसलं तर बर्फ लागतो!"

"मग काहून गेली?" बाबा म्हणाले.

बाबा एसटीचे ड्रायव्हर होते. हिंगोली-नांदेड रस्ता त्यांच्या हाताखालून इतक्या वेळा गेला की खड्डा यायच्या आधीच त्यांचा पाय ब्रेकवर जाई. उन्हाळ्याच्या सुटीत मी हट्टानं त्यांच्या गाडीत बसायची, अगदी त्यांच्यामागच्या सीटवर. कळमनुरीला गाडी थांबली की बाबा स्टँडच्या मागच्या कडुलिंबाखाली जायचे, फडकं अंथरायचे आणि मला हाक मारायचे. कंडक्टर काका हॉटेलातून भजी आणायचे, पण बाबा भजीसुद्धा आमच्या फडक्यावर आणायला लावायचे. कळमनुरीचं नाव काढलं की मला अजून त्या लिंबाची सावली आणि डिझेलचा वास, दोन्ही आठवतात. जगात कुणी त्या स्टँडला पर्यटनस्थळ म्हणणार नाही. मी म्हणते.

जवळा बाजार या गावी आम्ही बाजाराच्या दिवशी जायचो. आईला मिरची तिथलीच लागे आणि ती घेताना तिची जी घासाघीस चाले, ती ऐकायला बायका थांबत. मिरची घेऊन झाली, माझी गोडीशेव घेऊन झाली की आम्ही कापसाच्या गाड्यांजवळ बसायचो. माणसांची ये-जा, धूळ, बैलांचं शेण. आई म्हणायची, "जरा आडोशाला तरी बसू." बाबा ऐकायचे नाहीत. बसायचं तर रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असंच बसायचे, ताठ, मांडीवर भाकर ठेवून. मला लाज वाटायची. शाळेतलं कुणी बघेल म्हणून मी गाडीच्या चाकाकडे तोंड करून खायची.

आणि सिद्धेश्वर. पूर्णा नदीवरच्या त्या धरणाचा फोटो माझ्याकडे एकच आहे, त्यातही आईचा अंगठा आलाय. बाबांच्या सुटीच्या दिवशी आम्ही तिघं एका स्कूटरवर, मी मधे चेपून. पाण्याकाठच्या दगडांवर बसलं की मासेमारांच्या जाळ्यांचा वास यायचा आणि आई नाकाला पदर लावायची. मग तासाभरानं तीच त्यांच्याकडून मासे घेऊन यायची. बाबा पाय पाण्यात सोडून बसायचे आणि एरवी गाडीत कधी न बोलणारा हा माणूस तिथं गाणं गुणगुणायचा. सगळ्या जगात माझी आवडती जागा कोणती असं कुणी विचारलं, तर ती तो दगड. समुद्र मी नंतर पाहिले, पण पाणी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पूर्णेचंच येतं.

आमचा पहिला परदेश म्हणजे लुंबिनी. गावातल्या उपासक-उपासिकांची बस निघाली, तेव्हा मी परभणीला शेतीचं शिक्षण घेत होते. आईनं वाटेसाठी दुधात पीठ मळून दशम्या केल्या होत्या, म्हणजे चार दिवस टिकाव्यात. सीमा ओलांडली तेव्हा आख्ख्या बसनं जयघोष केला आणि शेजारची आजी म्हणाली, "हेच का फारेन? हे तं आपल्यासारखंच हाय." बागेत, तळ्याकाठच्या पिंपळाखाली बाबा हात जोडून इतका वेळ उभे राहिले की आईनं त्यांना हळूच बसवलं. मग आईनं फडकं काढलं, तेवढ्यात पहारेकरी आला. आत खायचं नाही, बाहेर बसा, म्हणाला.

बाबा उठले नाहीत. मान वळवून बघायला लागले. पलीकडे एक मोठं कुटुंब डबे उघडून बसलं होतं, चांगले कपडे, मोठा कॅमेरा. पहारेकरी त्यांच्याकडेही गेला आणि त्यांनाही उठवलं. तेव्हा कुठे बाबांचा चेहरा सैल पडला. "सगळ्यायलाच म्हनला," ते म्हणाले. "मंग बराबर हाय." फाटकाबाहेरच्या गवतावर आम्ही दशम्या खाल्ल्या आणि बाबांनी लुंबिनी आपल्या जागांमध्ये घेतली.

मला हसू आवरत नव्हतं. परतीच्या वाटेवर बाबा डुलकी काढत असताना मी आईजवळ त्यांची नक्कल केली. आई हसली नाही.

"तुझे बाबा लहान व्हते," ती म्हणाली, "तुझ्या आजोबासंगं बाजारला गेले व्हते. एका झाडाखाली दोघं भाकर सोडून बसले. एक जन आला आन् म्हनला, उठा, हितं तुमी न्हाई बसायचं. अर्धी भाकर हातात घेऊन उठले बापलेक. तुझ्या आजोबानं ती चालता चालता खाल्ली. तुझ्या बाबानं न्हाई खाल्ली." कोणता बाजार ते आईलाही माहीत नव्हतं. बाबांनी लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं.

 जवळा बाजारच्या गाडीच्या चाकाकडे तोंड करून खाल्लेली सगळी भाकर मला आठवली.

नंतर मी हॉलंडला आले. इथल्या एका छोट्या गावात बियाण्यांच्या कंपनीत टोमॅटोच्या रोपांवर काम करते. गाव मला आवडतं. घरासमोर कालवा, कालव्यात बदकं, आणि सायकलवरून जाणाऱ्या म्हाताऱ्या, ज्या मला सहज मागे टाकतात. पण बाबा फोनवर कधी "तुझं घर" म्हणाले नाहीत. "तुझ्या तिकडं" म्हणायचे. "तुझ्या तिकडं पाऊस हाय का?" आणि मग तो प्रश्न. मी विषय बदलायची. इतकी वर्षं राहून मी इथं कधी जमिनीवर बसून जेवले नव्हते. बाकावर बसून पाव खायची, तोही घाईघाईत.

गेल्या वर्षी कंपनीनं मला कायमचं राहायचं का असं विचारलं. मी एकुलती एक. आईचे गुडघे गेलेत, बाबांना रात्री दिसत नाही. मला परत जायचं होतं आणि राहायचंही होतं. शेवटी मी ठरवलं की बाबा चल म्हणाले तर जायचं. फोनवर विचारलं तर म्हणाले, "आल्यावर बोलू. आधी पाहू दे." म्हणून मी दोघांना उन्हाळ्यात इकडे बोलावलं आणि कंपनीकडून ते परत जाईपर्यंतची मुदत मागून घेतली.

आईनं पिशवीभर ज्वारीचं पीठ आणलं. माझी सपाट काचेची शेगडी बघून ती म्हणाली, "ही शेगडी हाय का आरसा?" त्या आरशावर भाकर फुगेना. आई फडक्यानं दाबून दाबून भाजत राहिली. ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या तर छताचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. बाबा खुर्चीवर चढून टॉवेलनं त्याला वारा घालायला लागले आणि आई खालून ओरडत होती, "पडसाल, उतरा आधी!" त्या खोलीत मी इतकी कधी हसले नव्हते.

पण राहण्याबद्दल बाबा काही बोलेनात. सगळं बघत होते. कालवा, दुकानं, माझं काम. "चांगलं हाय," एवढंच. त्यांचं परतीचं विमान एका दिवसावर आलं, तरी काही नाही. मी आतून चिडले होते. त्या सकाळी आईनं भाकरी बांधल्या आणि आम्ही कालव्याकाठच्या बागेत गेलो. बाबांनी जागा निवडली. आडोशाची नाही, पायवाटेच्या अगदी कडेची. फडकं अंथरलं, गाठ सोडली. भाकर, ठेचा, कांदा. मी या वेळी वाटेकडे तोंड करून बसले.

दोन घास झाले असतील. एक उंच म्हातारा हातात कुत्र्याचा पट्टा धरून वाट सोडून सरळ आमच्याकडे यायला लागला. बाबांचा घास हातातच राहिला. त्यांचा दुसरा हात फडक्याच्या टोकावर गेला, आवरायच्या बेतात.  हा काही बोलला तर मी कोणत्या भाषेत भांडणार, हेच डोक्यात फिरत होतं.

म्हातारा जवळ आला. भाकरीकडे वाकून बघितलं, हसला, बाबांकडे बघून काहीतरी म्हणाला आणि कांद्याचा वास घेणाऱ्या कुत्र्याला ओढत निघून गेला.

"काय म्हनला?" बाबांनी विचारलं.

"सावकाश जेवा म्हणाला."

"उठा न्हाई म्हनला?"

"न्हाई, बाबा."

"बराबर ऐकलं ना तू?"

"व्हय."

बाबांनी घास तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिले, कालव्याकडे बघत. त्यांनी फडक्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग ते मला, लहानपणी लाडात म्हणायचे तसं, "माय" म्हणाले.

"राहा माय हितं. हे तुझं गाव हाय आता. आमची काळजी करू नको. सुटीला येत जा, सिद्धेश्वरला भाकर घेऊन जाऊ."

इतके दिवस वाट पाहिलेलं उत्तर मिळालं होतं आणि मला रडू कोसळलं. कारण मला खरं काय हवं होतं ते तेव्हाच कळलं. त्यांनी मला घेऊन जावं, लहानपणी हात धरून गाडीत बसवायचे तसं, असं मला वाटत होतं. आई भाकर हातात घेऊन आमच्या दोघांकडे बघत होती.

"मला वाटलं, तुमी चल म्हणाल," मी म्हटलं.

"तेच म्हननार व्हतो," बाबा म्हणाले. "तो मानूस येईपस्तोर तेच म्हननार व्हतो."